८ जीबी रॅम म्हणजे मर्यादित मेमरी, मग लॅपटॉपवर हॉल्टिंग प्रॉब्लेम सुटतो का?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल आपण कशावर बोलतोय. तू लिहिलंयस की टीओसीच्या (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनच्या) लेक्चरला सरांनी हॉल्टिंग प्रॉब्लेम शिकवला, म्हणजे दिलेला प्रोग्राम कधी थांबेल की कायम चालत राहील हे सांगणारा एकच सार्वत्रिक प्रोग्राम असूच शकत नाही. पण तुझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, तिच्या स्थिती (कुठला बिट ० नि कुठला १ याचे नमुने) मोजता येण्याइतक्याच आहेत, त्यामुळे प्रोग्राम एकतर थांबणार नाहीतर जुन्या स्थितीत परत येऊन गोल फिरणार, आणि हे तपासता येतं. मग लॅपटॉप म्हणजे नुसता फायनाइट ऑटोमेटा (ठराविक स्थितींतच फिरणारं यंत्र) झाला ना, आणि तसं असेल तर ट्युरिंग मशीन (मेमरीची मर्यादाच नसलेलं कागदावरचं यंत्र) शिकायचं कशाला? सरांनी "तो वेगळा विषय आहे" म्हणून सोडून दिलं, हेही लिहिलंयस.

मी वीसेक वर्षं मायक्रोकंट्रोलरवर (उपकरणांतल्या छोट्या चिपवर) चालणारे प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, लिहितोय, म्हणजे २ केबी रॅममध्ये संसार करायचा. मर्यादित मेमरी हा माझा रोजचा विषय आहे, आणि तुझा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण यात तुझं काहीच चुकलेलं नाही. तुझा युक्तिवाद गणिताने शंभर टक्के बरोबर आहे. सरांचं वाक्यही बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं, एवढंच बघायचंय. तिसऱ्या वर्षाला आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, चालेल असं धरतो.

आधी तुझा युक्तिवाद अगदी छोट्या मशीनवर करून बघू. समज तुझ्याकडे फक्त ३ बिट आहेत, म्हणजे ० ते ७ अशा ८ स्थिती. नियम असा की आत्ता जो आकडा आहे त्याचा वर्ग करायचा, १ मिळवायचा, ८ ने भागून बाकी ठेवायची. ० पासून सुरू कर: ० वरून १, १ वरून २, २ वरून ५, ५ चा वर्ग २५, अधिक १ म्हणजे २६, ८ ने भागून बाकी २. म्हणजे परत २. आता पुढे ५, २, ५, २ असं जन्मभर. सुरुवातीला थोडी शेपटी, मग गोल. बाहेरून काही इनपुट येत नसेल तर मर्यादित स्थितीच्या कुठल्याही मशीनचं हेच होतं, कारण पुढची स्थिती फक्त आत्ताच्या स्थितीवरून ठरते, त्यामुळे एकदा जुनी स्थिती परत आली की पुढचं सगळं जसंच्या तसं परत येणार. ८ पावलांत थांबलं नाही तर कधीच थांबणार नाही. म्हणजे ३ बिटांच्या मशीनसाठी हॉल्टिंग प्रॉब्लेम सुटला, वहीच्या अर्ध्या पानात.

आता तुझ्या लॅपटॉपकडे येऊ. ८ जीबी म्हणजे ६,८७१ कोटी ९४ लाखांच्या वर बिट. स्थिती किती, तर २ चा तेवढा घात. ही संख्या दशमानात लिहायला गेलास तर साधारण २,०६८ कोटी अंक लागतात, म्हणजे संख्या २,०६८ कोटी नव्हे, तिच्यातले अंकच तेवढे. तुलनेला सांगतो, आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या साधारण १ वर ८० शून्यं अशी धरतात, आणि ती ओलांडायला ३४ बाइट मेमरी पुरते. ३४ बाइट. तुझं नाव-आडनाव देवनागरीत साठवायला याहून जास्त लागत असतील. त्यामुळे "कधीतरी स्थिती परत येणारच" यातलं "कधीतरी" फार मोठं आहे, आणि गोल सापडेपर्यंत वाट बघायची म्हटलं तर विश्वाचं आत्तापर्यंतचं वय (सेकंदात मोजलं तर जेमतेम १८ अंकी संख्या) त्यापुढे काहीच नाही.

पण मोठी संख्या दाखवून तुला गप्प बसवणं मला पटत नाही, कारण "वेळ फार लागतो" हे "होत नाही" याचं उत्तर नाही. खरी गंमत मेमरीत आहे.

तपासणारा प्रोग्राम लिहायचाय असं समज. आलेली प्रत्येक स्थिती लिहून ठेवायची नि नवी आली की जुन्यात शोधायची असं केलंस तर जागा संपेल. त्यापेक्षा चांगली युक्ती आहे, ससा-कासवाची. एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती चालवायच्या, कासव एक पाऊल टाकेल तेव्हा ससा दोन, आणि दोघं एकाच स्थितीत भेटले की गोल आहे हे नक्की. वरच्या ३ बिटांच्या उदाहरणात करून बघ: दोघं ० वर. पहिल्या फेरीत कासव १ वर, ससा २ वर. दुसऱ्या फेरीत कासव २ वर, ससा ५ वरून परत २ वर. भेटले. फक्त दोन प्रतींची जागा लागली, यादीबिदी काही नाही. म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवरचा प्रोग्राम तपासायला १६ जीबी आणि वर थोडीशी मेमरी असलेलं मशीन पुरेल (वेळ किती लागेल ते सोड). तर मग १६ जीबीचं मशीन कोण तपासणार? ३२ चं. आणि ३२ चं?

कोणी म्हणेल युक्ती अजून सुधारा, ८ जीबीतच ८ जीबीचा तपासनीस बसवा. नाही बसवता येत, आणि का नाही याचं कारण म्हणजे सरांनी फळ्यावर केलेलीच सिद्धता, फक्त मर्यादित कपड्यांत. समज असा तपासनीस ८ जीबीत बसला आणि वर १००-२०० बाइट मोकळे राहिले. त्या मोकळ्या जागेत मी एक छोटा प्रोग्राम लिहितो: तपासनीसाला माझाच कोड दे, तो "थांबेल" म्हणाला तर कायम फिरत बस, "थांबणार नाही" म्हणाला तर लगेच थांब. हा माझा प्रोग्राम ८ जीबीतच चालतोय, म्हणजे तपासनीसाच्या हद्दीतला आहे, आणि तरी तपासनीस काहीही बोलला तरी खोटा पडतो. म्हणून ८ जीबीच्या सगळ्या प्रोग्रामचा तपासनीस ८ जीबीत ऐसपैस बसूच शकत नाही. मर्यादित मेमरीत हॉल्टिंग प्रॉब्लेम नाहीसा होत नाही, तो "तपासणारा तपासल्या जाणाऱ्यापेक्षा मोठा हवा" अशा रूपात शिल्लक राहतो. हे मला पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही करू शकलो नव्हतो. मेमरी थोडी जास्त दिली की आधी न सुटणारे काही प्रश्न खरोखर सुटायला लागतात, हे स्टर्न्स, हार्टमनिस आणि लुईस यांनी १९६५ सालीच दाखवून दिलंय, आणि त्या सिद्धतेच्या मुळाशीही ही उलटं बोलण्याची युक्तीच आहे.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी कबूल करतो. पहिली म्हणजे तू "मशीन" कशाला म्हणतोस. नुसती रॅम, की एसएसडी धरून, की नेटवर्कच्या पलीकडचं सगळं धरून? दुसरी, बाहेरून इनपुट येतं का. कीबोर्ड, घड्याळ, वायफाय हे सगळं आलं की "पुढची स्थिती फक्त आत्ताच्या स्थितीवरून ठरते" हे खरं राहत नाही, आणि गोल फिरण्याचा युक्तिवादही तसाच्या तसा लागू होत नाही. ब्राउझर उघडा ठेवलेला लॅपटॉप परत त्याच स्थितीत येईलच असं कोणी सांगू शकत नाही, कारण बाहेरचं जग त्यात रोज काहीतरी ओततंय. त्यामुळे तुझा युक्तिवाद बंद खोलीतल्या मशीनला लागू, उघड्या मशीनला नाही, हे उत्तरपत्रिकेत लिहिलंस तर सरांना आवडेल.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते "मर्यादित की अमर्याद" हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी उभा आहे. कामाचा प्रश्न असा: इनपुट वाढत गेलं तर मेमरी किती वाढवावी लागते? हे समजायला चौथीतलं गणित पुरतं.

दोन संख्यांची बेरीज आठव. उजवीकडून सुरुवात, एकक, दशक, शतक, आणि प्रत्येक स्थानावर तुला मागचं फक्त काय लक्षात ठेवायचं असतं? हातचा. आणि हातचा जास्तीत जास्त किती, तर १, कारण ९ अधिक ९ अधिक हातचा १ म्हणजे १९. म्हणजे दोन संख्या दहा अंकी असोत की दहा कोटी अंकी, बेरीज करणाऱ्याच्या डोक्यात एकच बिट हवा, हातचा आहे की नाही. अंक समोरून येत राहतील, उत्तराचे अंक बाहेर जात राहतील. हा झाला खरा फायनाइट ऑटोमेटा, दोन स्थितींचा, आणि तो कितीही मोठी बेरीज बिनचूक करतो. एखाद्या ठराविक आकड्याने गुणणंही चालतं, ९ ने गुणायचं तर हातचा फार तर ८ (नऊ नवे एक्क्याऐंशी अधिक ८ म्हणजे ८९, हातचे परत ८).

पण दोन कुठल्याही संख्यांचा गुणाकार? तिथे हे संपतं, आणि का संपतं ते हाताने दाखवता येतं. समज कोणी म्हणालं की माझं १००० स्थितींचं यंत्र कुठल्याही दोन संख्यांचा गुणाकार करतं, दोन्ही संख्यांचे अंक उजवीकडून जोडीने द्या, दर जोडीला उत्तराचा एक अंक बाहेर टाकेन. मी त्याला १ वर ५००० शून्यं ही संख्या देतो, आणि दुसरी संख्याही तीच. उत्तर माहितीये, १ वर १०,००० शून्यं. आता यंत्राच्या नजरेतून बघ. पहिल्या ५००० जोड्या शून्य-शून्य. मग एक जोडी एक-एक. मग परत सगळं शून्य-शून्यच. त्या एक-एक नंतर यंत्राने ४,९९९ वेळा ० टाकायचं आहे आणि त्याच्या बरोबर पुढच्या वेळी १. पण आता इनपुट सारखंच आहे, शून्य-शून्य, म्हणजे यंत्र बंद खोलीत आहे आणि स्थिती फक्त १०००. हजारेक पावलांत ते जुन्या स्थितीत परत येणार, तोपर्यंत त्याने फक्त शून्यं टाकलीयेत, आणि आता ते तीच शून्यं गोल गोल टाकत राहणार. तो १ कधीच येणार नाही. १००० ऐवजी एक कोटी स्थिती घे, मी शून्यं वाढवीन. तुझ्या लॅपटॉपएवढ्या स्थिती घे, तरी युक्तिवाद तोच, फक्त शून्यं कागदावर मावणार नाहीत.

बघ, तुझा "गोल फिरणार" हाच युक्तिवाद इथे यंत्राची मर्यादा सिद्ध करायला उपयोगी पडला. पम्पिंग लेमा (फायनाइट ऑटोमेटाला काय जमत नाही हे दाखवायचं प्रमेय) म्हणून जे पाठ करताय ना, ते हेच आहे. सिलॅबसमध्ये ते कंस जुळवण्याच्या उदाहरणाने शिकवतात, गुणाकाराने शिकवलं तर आपल्याकडच्या पोरांना लवकर कळेल असं मला नेहमी वाटतं, कारण हातचा सगळ्यांच्या हाताखालून गेलेला असतो.

आणि तरी आपण पाचवीत कुठलाही गुणाकार करतोच की! कसा? कागद घेऊन. ओळीखाली ओळ मांडत जातो, संख्या मोठी असेल तर जास्त कागद. डोकं तेच, पाढे तेच, नियम तेच, वाढतो तो फक्त कागद. ट्युरिंग मशीन म्हणजे हेच आहे, याहून गूढ काही नाही. १९३६ च्या पेपरात ट्युरिंग "कंप्युटर" हा शब्द वापरतो तो चक्क माणसासाठी, आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी, आणि कागदाचं वर्णन करताना म्हणतो की लहान मुलांच्या गणिताच्या वहीसारखे त्याला चौकोन पाडलेले आहेत. म्हणजे आपली चौकटीची वही. माणसाच्या मनाच्या अवस्था मर्यादित, वहीतली पानं हवी तेवढी. ट्युरिंग मशीनमध्ये वहीच्या जागी चौकोनांची लांब पट्टी असते, तिला टेप म्हणतात, आणि टेप "अनंत" आहे या शब्दाने सगळा घोळ होतो. कुठल्याही क्षणी टेपचा मर्यादित तुकडाच वापरलेला असतो. अनंत कागद कुणालाच नको असतो, हवी असते ती एवढीच खात्री की पान संपलं तर पुरवणी मिळेल. परीक्षेत मिळते तशी.

म्हणून तुझ्या "लॅपटॉप ऑटोमेटा आहे का" याचं माझं उत्तर असं: लॅपटॉप ही वस्तू म्हणून आहे, पण तुझा प्रोग्राम नाही. तू गुणाकाराचा प्रोग्राम लिहितोस तेव्हा त्यात कुठेही "८ जीबी" असं लिहिलेलं नसतं. तोच प्रोग्राम १६ जीबीच्या मशीनवर एकही ओळ न बदलता जास्त मोठे गुणाकार करतो. ८ जीबीच्या मशीनचा ऑटोमेटा खरंच काढायला बसलास तर १६ जीबीसाठी सगळा नव्याने काढावा लागेल. ट्युरिंग मशीन हे वस्तूचं मॉडेल म्हणून वाचू नकोस, प्रोग्रामचं मॉडेल म्हणून वाच, बऱ्याच शंका आपोआप मिटतात.

थोड्या मेमरीत किती जमतं तेही सांगतो, कारण आमच्या धंद्यात ही बाजू जास्त कामाची. एखादी लांबलचक संख्या ७ ने भागली जाते का बघायचं तर अख्खी संख्या साठवायची गरज नाही. डावीकडून एकेक अंक वाचत जा, आत्ताची बाकी १० ने गुण, नवा अंक मिळव, परत ७ ने भागून बाकी ठेव. १७२९ घे: १, मग १७ ची बाकी ३, मग ३२ ची ४, मग ४९ ची ०. भागली. सात स्थिती, बस. दुसरं, गावातल्या निवडणुकीची मतमोजणी धर, चिठ्ठ्या एकेक करून वाचतायत आणि कोणाला निम्म्याहून जास्त मतं आहेत का ते बघायचंय, पण लक्षात ठेवायला फक्त एक नाव आणि एक आकडा आहे. बॉयर आणि मूर यांची १९८१ ची पद्धत अशी: आकडा शून्य असेल तर आलेलं नाव धर नि आकडा १ कर, तेच नाव आलं तर १ वाढव, दुसरं आलं तर १ कमी कर. शेवटी जे नाव हातात राहील, बहुमत कोणाला असेलच तर ते त्यालाच. खरंच आहे का हे बघायला चिठ्ठ्या अजून एकदा वाचायच्या. उमेदवार २ असोत की २००. प्रत्येक "कमी कर" म्हणजे दोन वेगळ्या नावांची एकेक चिठ्ठी एकमेकांना कापून बाजूला ठेवणं आहे, आणि निम्म्याहून जास्त असलेल्याला असं पूर्ण कापताच येत नाही, एवढीच त्यामागची कल्पना.

तुझी नजर तीक्ष्ण असेल तर विचारशील की तो आकडा वाढत गेला तर? बरोबर, ही पद्धत काटेकोर अर्थाने मर्यादित मेमरीची नाही, चिठ्ठ्या वाढल्या की आकड्याचे बिट वाढतात. पण किती, तर चिठ्ठ्या दुप्पट झाल्या की एक बिट. ३२ बिटांत ४२९ कोटी मोजता येतात. ६४ बिटांचा काउंटर सेकंदाला १०० कोटी वेळा वाढवत नेला तरी भरायला ५८४ वर्षं लागतात. म्हणजे मर्यादित मेमरी आणि "लॉगने वाढणारी" मेमरी यात पेपरवर जमीन-अस्मानाचा फरक, आणि कामात मात्र ६४ बिट घेतले की विषय संपला. पण ३२ घेतले तर संपत नाही, आणि ते मी भोगलंय.

शेतातल्या पंपाचा कंट्रोलर केला होता आम्ही एका ठिकाणी. अर्दुइनो उनोवर असते तीच चिप, २ केबी रॅम. विहिरीचं पाणी संपलं की मोटर बंद करायची, पाणी भरायला २० मिनिटं थांबायचं, मग परत चालू. वेळ मोजायला मिलिसेकंदांचा ३२ बिटांचा काउंटर, जो ४९.७ दिवसांनी भरून परत ० वर येतो. मी कोड लिहिला होता की आत्ताच्या वेळेत २० मिनिटं मिळवून ठेव, आणि घड्याळ त्याच्या पुढे गेलं की मोटर लाव. काउंटर भरायला २० मिनिटांहून कमी वेळ उरला असताना पाणी संपलं, तर मिळवलेली बेरीज गुंडाळून छोटासा आकडा होते, घड्याळ आधीच त्याच्या पुढे असतं, आणि मोटर लगेच चालू. कोरडी असल्यामुळे लगेच बंद. परत चालू. दोनेकशे पंप बसले होते, तक्रार फक्त ३ ठिकाणांहून आली, एकाची मोटर जळाली. तो शेतकरी फोनवर म्हणाला, "साहेब, रिले टकटक टकटक करत होता, मी पळत पळत जाऊन हँडल पाडलं." आम्हाला टेबलावर ते कधीच दिसेना. कळायला महिना गेला. बाकी ठिकाणी रोज लाइट जायची, लाइट गेली की काउंटर शून्यावर, त्यामुळे ४९ दिवस कधी पुरेच होत नव्हते. त्या ३ ठिकाणी कंट्रोलर सोलरच्या बॅटरीवर होता. तो कधी बंदच पडला नव्हता.

दुरुस्ती एका ओळीची: बेरीज करून तुलना करायची नाही, वजाबाकी करायची. "आत्ता वजा सुरुवात" हे २० मिनिटांपेक्षा जास्त आहे का. काउंटर गोल असला तरी वजाबाकी बरोबर येते, घड्याळात ११ पासून २ पर्यंत ३ तास होतात तसंच. पण त्या मोटरचे पैसे आणि त्या माणसाचं वाया गेलेलं पाणी त्या एका ओळीने परत आलं नाही, आणि तेव्हापासून मी प्रत्येक काउंटरसमोर कॉमेंटमध्ये लिहितो की हा किती दिवसांत भरतो. हे फक्त छोट्या चिपवर होतं असं समजू नकोस. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ बद्दल सूचना काढली होती की वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटरच्या कंट्रोल युनिटमधला काउंटर ओव्हरफ्लो होतो. एकशतांश सेकंद मोजणारा ३१ बिटांचा काउंटर धरून भागाकार कर, तेवढेच दिवस येतात. आणि ज्या सिस्टिममध्ये अजून ३२ बिटांची युनिक्स वेळ (१९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद) आहे त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की पुढच्या सेकंदाला १९०१ सालच्या डिसेंबरात जाईल.

मग आम्ही रोज काय करतो? तुझाच युक्तिवाद वापरतो, पण स्थिती मुद्दाम कमी ठेवून. माझ्या चिपच्या २ केबी रॅमच्या सगळ्या स्थितींची संख्याच ४,९३३ अंकी आहे, ती कोणी तपासणार नाही. पण पंपाचं लॉजिक वेगळं काढलं, मोटर चालू-बंद, पाणी आहे-नाही, टायमर कुठल्या टप्प्यात, मागचा फॉल्ट कुठला, तर ते २० बिटांत बसतं. म्हणजे साडेदहा लाखाच्या आसपास स्थिती, आणि त्या सगळ्या, एकही न सोडता, डेस्कटॉपवर काही सेकंदांत तपासून होतात. तिथे "कोरड्या विहिरीवर मोटर कधीच चालू राहणार नाही" हे मी टेस्ट करून "बहुतेक" म्हणत नाही, सिद्ध करतो. याला मॉडेल चेकिंग म्हणतात आणि त्यासाठी क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण बिट वाढवत गेलो की काय होतं बघ. सेकंदाला एक कोटी स्थिती तपासल्या तर ४० बिटांना तीसेक तास लागतात, आणि कुठली स्थिती बघून झाली याची नुसती एका बिटाची खूण ठेवायलाच १२८ जीबी. ६४ बिटांना ५८ हजार वर्षं. म्हणजे ज्या रेषेच्या अलीकडे तुझा युक्तिवाद खराखुरा चालतो ती रेषा साध्या पद्धतीने ४०-५० बिटांवर आहे (हुशार पद्धती आहेत, १९९० सालीच १ वर २० शून्यं एवढ्या स्थितींपर्यंत लोक पोचले होते, पण ते त्या सिस्टिमची रचना किती नियमित आहे यावर अवलंबून असतं). ६,८७१ कोटी बिट या रेषेच्या कितीतरी पलीकडे आहेत.

त्याच कारणासाठी सुरक्षेच्या कामात रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नको, चालू झाल्यावर मेमरी मागायची नाही, प्रत्येक लूपला ठरलेली कमाल मर्यादा हवी असे नियम असतात. नासाच्या जेपीएलमध्ये (जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत) काम करणाऱ्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये असे दहा नियम मांडले होते. नवीन पोरं वैतागतात की असं बांधून घेऊन काय प्रोग्रामिंग करायचं. पण यात एक सौदा आहे: तू ताकद सोडतोस, त्या बदल्यात तुझा प्रोग्राम थांबेल की नाही, स्टॅक (फंक्शन चालताना लागणारी तात्पुरती मेमरी) किती खाईल हे आधी सांगता येतं.

अजून एक, अगदी ताजं. वेळ आणि मेमरी यांचं नातं आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा वेगळं निघालंय. १९७० च्या दशकात हॉपक्रॉफ्ट, पॉल आणि व्हॅलियंट यांनी दाखवलं होतं की जे काम टी पावलांत होतं ते टी पेक्षा थोड्या कमी मेमरीत करता येतं, टी भागिले लॉग टी एवढ्या. पन्नास वर्षं तिथेच अडकलं होतं. २०२५ मध्ये रायन विल्यम्स यांनी ते जवळजवळ टी च्या वर्गमुळापर्यंत खाली आणलं. म्हणजे एक लाख कोटी पावलांचं काम असेल तर मेमरी दहा लाखांच्या पटीत (लॉग आणि बाकीचे गुणक सोडून). वेळ मात्र भरमसाट वाढतो, त्यामुळे उद्या माझ्या चिपवर याचा उपयोग नाही. पण थोड्या मेमरीत काय जमतं याचा आपला अंदाज अजूनही कमीच पडतोय हे बघून मला फार आनंद झाला.

तर परत एकदा तुझ्या प्रश्नांकडे, क्रमाने. बंद खोलीतल्या मर्यादित मशीनसाठी हॉल्टिंग ठरवता येतं का, हो, पण त्याहून मोठ्या मशीनवरून. लॅपटॉप ऑटोमेटा आहे का, वस्तू म्हणून हो, पण तसं बघून तुला गुणाकाराबद्दलसुद्धा काही उपयोगाचं सांगता येणार नाही. ट्युरिंग मशीन का शिकायचं, कारण तुझे प्रोग्राम तसे आहेत. आणि ऑटोमेटा का शिकायचं, कारण जिथे तो पुरतो तिथे सगळ्या स्थिती खरोखर तपासून होतात.

वेळ असेल तर वरचं गुणाकाराचं उदाहरण ३ स्थितींच्या यंत्रावर करून बघ. १ वर ५ शून्यं घे, दोन्हीकडे. यंत्राचं टेबल तुझ्या मनाने हवं ते भर, आणि ११ व्या पायरीला, त्याआधी सगळी शून्यं टाकून, त्याच्याकडून १ काढून घेता येतो का बघ. अडलास तर टेबल इथे टाक, कुठल्या पायरीला गोल लागतो ते आपण बघू.